फीडरची जात

लाईट किती तास जाते ते पेपरात येतं. कुणाची जाते, ते येत नाही.

दोस्तांनो, फीडर म्हणजे सबस्टेशनातून निघणारी लाइन. तिच्यावर दोनचार वस्त्या, एखादी पिठाची गिरणी, एखादा दवाखाना टांगलेला असतो. २००५ नंतरच्या टंचाईच्या वर्षांत महाराष्ट्रात लोडशेडिंगसाठी या फीडरांचे वर्ग पाडले गेले. ए, बी, सी करत पार खाली जी-१, जी-२, जी-३. कसोटी काय? गळती किती नि वसुली किती. वसुली चोख, गळती कमी, तो वरचा. त्याला अंधार कमी किंवा नाहीच. वसुली बोंबललेली, तो खालचा. त्यानं बसावं घामात. मुंबई तर लोडशेडिंगमधून बहुतेक वाचलीच. पुण्यानं २००६ साली जादा पैसे मोजून अंधारातून स्वतःची सुटका करून घेतली. एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा टंचाई आली, तेव्हा कुऱ्हाड परत जी-१ ते जी-३ वरच. त्या वेळी ऊर्जाखातं आपल्यातल्याच मंत्र्याकडं होतं. खुर्चीत माणूस आपला, सूत्र मात्र त्यांचंच.

आता हा न्याय बघा. आकडा टाकणारा एक, मीटर मागे फिरवणारा वर्कशॉपवाला दुसरा, दर महिन्याला रांगेत उभं राहून बिल भरणारी म्हातारी तिसरी. अंधार तिघांना सारखा, कारण तिघं एका फीडरवर जन्मले. अख्ख्या वस्तीला एकाच्या नावानं शिक्षा करायची ही रीत आपल्याला काय नवी आहे?

अंधार तरी सगळ्यांना सारखा कुठला? माझ्या गल्लीत सफाई खात्यातून रिटायर झालेले एक काका आहेत. गटारात आयुष्य गेलं, फुफ्फुसं कामातून गेली. भाड्याचं ऑक्सिजन मशीन लावून बसतात. असलं मशीन तीन-साडेतीनशे वॅट खातं. घरगुती इन्व्हर्टरची बॅटरी नवी असेल तर तीन-चार तास ओढेल. पण इन्व्हर्टर कुणाकडं? सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच शटडाऊन म्हणजे आपल्याला पंखा नाही, मोबाईल उतरला. त्यांना आठ तास श्वास मोजून घ्यायचा.

मी शटडाऊनच्या विरोधात नाही. लाइन बंद न करता खांबावर चढवलेला लाइनमन मरतो, आणि तो बहुतेक कंत्राटी पोरगा असतो, आपल्यातलाच. दुरुस्ती व्हायलाच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की लाइन बंद करण्याआधी तिच्यावर कोण श्वास घेतंय ते बघा.

हेच सांगायला अर्ज घेऊन आमच्या भागातल्या वीज कार्यालयात गेलो. साहेब म्हणाले, "एसएमएस जातो ना." जातो. ज्याच्या नावावर मीटर त्याच्या मोबाईलवर जातो. मीटर घरमालकाच्या नावावर, मालक राहतो दुसऱ्या टोकाला, नि त्या एका मीटरवर पाच खोल्या. काका पाचव्या खोलीत. वीज खात्याच्या लेखी ते ग्राहकच नाहीत. म्हणजे ते नाहीतच. अर्जाची पोच मागितली तर साहेब जेवायला उठले.

आणि हे काही आभाळातलं मागणं नाही. ब्रिटनमध्ये वीज कंपन्यांना अशा घरांचं रजिस्टर ठेवावं लागतं. म्हातारे, लहान पोरं, मशीनवर जगणारे त्यात फुकट नाव घालतात. लाइन बंद करायची तर त्यांना आधी कळवायचं. कॅलिफोर्नियात वणवे टाळायला वीज तोडतात. तिथं मशीनवाल्यांच्या यादीत नाव घालायला मीटर पेशंटच्या नावावर असावं लागत नाही. त्या घरात कायम राहणारा असला की झालं. हे देश काय संतांचे नाहीत. धंदाच करतात. पण माणूस मीटरपेक्षा वेगळा असतो, एवढं त्यांना कागदावर तरी मान्य करावं लागलं.

आपल्याकडं २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांत चोवीस तास विजेची भाषा आहे. ग्राहक हक्क! ग्राहक कोण, ते वर आलंच. १९४३ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याबरोबर वीजही बघत होते. मुबलक नि स्वस्त वीज पाहिजे, कारण दारिद्र्यातून सुटायची वाट कारखान्यांतून जाते, असं त्यांचं मांडणं होतं. त्यांनी वीज मागितली ती माणसं वर काढायला. इथं तिच्याच हिशेबानं माणसांची उतरंड लावलीय.

तेव्हा मागणी साधी. यादी मीटरवार नको, खोलीवार पाहिजे. दोन दिवस आधी नोटीस गल्लीच्या तोंडावर चिकटवा, मराठीत, हिंदीत, उर्दूत. लांब शटडाऊनच्या दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात जनरेटरवर चार खाटा राखा, नाहीतर भरलेला सिलेंडर घरी पोचवा.

हे होईस्तोवर आपण काय बसून राहायचं? पोरांनो, दोनशे पानी वही घ्या, रविवारी गल्ली फिरा. नाव, खोली, मशीन कुठलं, बॅटरी किती तास. इन्सुलिनवाले वेगळे लिहा. त्यांना सांगा, लाईट गेली की फ्रिज उघडू नका, तीन-चार तास गारवा टिकतो, पुढं बाटली पिशवीत गुंडाळून ओल्या माठात. आणि एसआरएच्या टॉवरमधले असतील तर मजला लिहायला विसरू नका. लिफ्ट बंद पडली की चौदाव्या मजल्यावरून माणूस खुर्चीत बसवून उतरवायला चार जण लागतात. त्या चौघांची नावंपण त्याच पानावर लिहा.