आमची भिंगखरेदी

माणसाने पन्नाशीत नवा छंद लावून घेऊ नये, आणि घेतलाच तर तो भजनाचा असावा. टाळांना फारसे भांडवल लागत नाही. मी कॅमेरा घेतला.

कॅमेरा निकॉनचा, डी-५३००, तोही एका स्नेह्याने वापरलेला. त्याच्याबरोबर अठरा ते पंचावन्न मिलिमीटरचे भिंग आले. घरगुती कामाला ते उत्तम. वाढदिवस, सत्यनारायण, गॅलरीतून दिसणारा द्वारका चौक, सारे त्यात झकास येई. (मुंबई, धुळे आणि पुणे या तिन्ही वाटांची वाहने आमच्या चौकात एकमेकांना भेटतात आणि सहसा सोडत नाहीत.) गाडे अडले ते नांदूरमधमेश्वरला.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी इंग्रजी अमदानीत बंधारा घातला गेला. पुढे गाळ साचला, पाणथळ तयार झाली आणि हिवाळ्यात तिथे पक्ष्यांची जत्रा भरू लागली. २०२० साली रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली ही पहिली जागा. तिथल्या मनोऱ्यावर भल्या पहाटे कुडकुडत उभे राहून मी चाळीस फोटो काढले. घरी सौ.ने ते पाहिले.

"पाणी छान आलंय हो. पक्षी कुठेत?"

मी बोट ठेवून दाखवले.

"हे होय! मला वाटलं, भिंगावर धूळ बसलीय."

झाले! तेव्हापासून मोठ्या भिंगाचे वेड लागले. नुसते लांबचे दिसून भागत नाही. पहाटे उजेड कमी, पक्षी चंचल. माझे भिंग पंचावन्नवर ताणले की त्याचे तोंड एफ ५.६ पेक्षा मोठे उघडत नाही. जे भिंग २.८ पर्यंत उघडते ते चौपट उजेड आत घेते. म्हणजे जिथे मला सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग लागतो, तिथे त्याला पाचशेवा पुरतो आणि पक्ष्याची मान हलली तरी फोटो पुसट होत नाही. असे नवे भिंग लाखाच्या पलीकडे. जुनेच पाहणे आले.

पैसे होते, पण ते दिवाळीत वॉशिंग मशीन घ्यायचे म्हणून बाजूला ठेवलेले. मी सौ.ला फाळक्यांची गोष्ट सांगितली. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेला हा माणूस १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेला, विल्यमसन कॅमेरा घेऊन आला. सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' झळकला!

"अहो, फाळक्यांनी सिनेमा काढला," ती म्हणाली. "तुम्ही बदकं काढणार."

पण पैसे दिले.

चौकापासून हाकेच्या अंतरावर लग्नाचे फोटो काढणारे एक काका राहतात. त्यांच्याकडे निकॉनचे ८० ते २०० मिलिमीटरचे, २.८ चे भिंग विकाऊ होते. वजन सव्वा किलोच्या वर. काकांचा मुलगा आता बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्यावर काम करतो आणि त्या कॅमेऱ्याचा हप्ता भरायचा होता. किंमत अठ्ठावीस हजार.

मी अभ्यास करून गेलो होतो. भिंगात टॉर्च मारला. आतली पाती तेलकट नाहीत ना, पाहिले. कड्या फिरवून पाहिल्या. काका शांतपणे चहा पीत होते. मग त्यांनीच भिंग हातात घेतले, उजेडाकडे तिरके धरले आणि कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखा एक ठिपका दाखवला.

"बुरशी आहे भाऊ. मागच्या पावसाळ्यात लागली. फोटोत दिसत नाही, पण बघून घ्या. मागून भांडण नको."

टॉर्च मारूनही मला ती दिसली नव्हती, पण त्या ठिपक्यावर मी असा तुटून पडलो की चार हजार कमी करूनच उठलो. निघताना काकांनी विचारले, "कॅमेरा कोणता तुमचा?"

"निकॉनच आहे की!" मी ऐटीत म्हणालो. निकॉनने १९५९ पासून भिंग बसवायची कडी बदलली नाही, हे मी वाचले होते. २०११ साली बिनआरशाचे कॅमेरे काढले, तेव्हा कुठे त्यांना दुसरी कडी दिली.

घरी भिंग खटकन बसले. बटण दाबले. काही नाही. पुन्हा दाबले. समोरची तुळस धुक्यातच राहिली. या जुन्या भिंगात मोटर नसते. ती कॅमेऱ्यात असावी लागते आणि कॅमेऱ्यातला पेचकसाच्या टोकासारखा एक दांडा भिंग फिरवतो. माझ्या कॅमेऱ्यात तो दांडाच नाही. नावात 'एएफ-एस' असलेले भिंग हवे होते. चार हजारांच्या बुरशीत मी शोधलो गेलो आणि हे एक अक्षर राहिले.

तणतणत काकांकडे गेलो. त्यांनी कॅमेरा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "म्हणून विचारलं होतं ना, भाऊ! पैसे परत देतो. फक्त आठ दिवस द्या, हप्ता परवाच गेला."

माझा राग तिथेच बसला. काकांनी मग मला गॅलरीत नेले, समोरच्या तारेवरचा कावळा दाखवला आणि म्हणाले, "हाताने फिरवा. आत खाली डावीकडे हिरवा ठिपका दिसतो? तो स्थिर झाला की दाबा. आम्ही कितीक वर्षं लग्नं हातानेच काढली." तासभर त्यांनी मला कावळ्यावर शिकवले. कमी केलेल्या चार हजारांचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही, आणि ते अजून मनातून जात नाही.

भिंग ठेवून घेतले. आता ते घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या संगतीत असते. कपडे सौ. हातानेच धुते, आणि "मीही हातानेच फिरवते" असे म्हणते.

मागच्या जानेवारीत नांदूरला दोनशे फोटो काढले. तीन बरे आले. त्यांतला जांभळ्या पाणकोंबडीचा मोठा करून काकांकडे नेला. पंखांवरचा निळा रंग असा आला होता की मलाच खरे वाटेना. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला.

"चोचीवर धरलंत," ते म्हणाले. "डोळ्यावर धरायचं. रविवारी या."