भिंतीवरची दुनळी

नाशकातल्या बड्या दिवाणखान्यांत अजून दुनळ्या टांगलेल्या असतात. वेब्ली-स्कॉट, ग्रीनर, एखादी वेस्टली रिचर्ड्स. अक्रोडी दस्त्याला जवसाचं तेल, नळीवर नक्षी. मालक चहा पाजतो आणि सांगतो, आजोबांनी पेठ-सुरगाण्याच्या रानात हिनंच वाघ लोळवला.

छान! पण वाघ उठवला कोणी? डबडी बडवत, अनवाणी, करवंदीच्या जाळीत शिरला तो हाकारा कोण? तो फोटोत नाही. वाघ उलटला तर पहिलं पोट त्याचं फाटणार, हे आजोबांना ठाऊक होतं. म्हणून तर ते मचाणावर!

छंदाला आमची ना नाही. बर्मिंगहॅमच्या कारागिरानं हातानं घासून बसवलेला घोडा बघण्यासारखा असतोच. पण छंदाच्या आडून हे लोक इतिहास सांगतात, तोही अर्धा. 1857 साली याच जिल्ह्यात, नांदूर-शिंगोट्याला, भागोजी नाईकाच्या भिल्लांनी लेफ्टनंट हेन्रीला टिपला. त्या बंदुका कुणाच्या काचेच्या कपाटात आहेत? 1878 साली हत्यार कायदा आला. परवान्याविना बंदूक म्हणजे गुन्हा. संस्थानिकांना, बड्या धेंडांना मात्र सवलत. 1890 च्या दशकात महारांची लष्करभरती बंद. 1818 साली कोरेगावला ज्यांनी बंदूक चालवली, त्यांच्या पणतवंडांच्या हाती येसकराची काठी.

मग 1972. वन्यजीव कायद्यानं शिकार संपली. (त्याच साली मुंबईत वेगळेच पँथर सुटले, त्यांना परवाना लागला नाही.) बंदूक मुकी झाली आणि एकदम 'वारसा' झाली. 2019 साली सरकार माणशी तीनाऐवजी एकच बंदूक ठेवायला निघालं, तर केवढी ओरड! शेवटी दोन ठेवल्या.

ओरड करणाऱ्यांनी दुसरा कागदही वाचावा. अत्याचार प्रतिबंधक नियम, 1995, नियम 3. जिथं अत्याचाराची भीती आहे तिथं दलित-आदिवासी नसलेल्यांचे परवाने रद्द करा, त्यांची हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करा, आणि गरज पडल्यास दलित-आदिवासींना परवाने द्या. हे आम्ही नाही म्हणत साला, सरकार म्हणतं!

तेव्हा दोस्तांनो, माहितीचा अर्ज दहा रुपयांत होतो. शहरात पोलीस आयुक्तांकडे टाका, गावचा असेल तर कलेक्टरकडे. विचारा: नियम 3 खाली आजवर किती परवाने रद्द केले? किती दुनळ्या जमा झाल्या? आणि वस्तीत किती परवाने दिले? उत्तर आलं की आमच्याकडे पाठवा. आकडा शून्य असला तरी छापू.