घराण्याचा मधुमेह, ताटातला दोष

‘शुगर आमच्या घराण्यातच आहे,’ म्हणत जिलेबीला हात घालणारे घरोघरी भेटतात. जनुकांचा वाटा आहेच. पण गर्भातले पोषणही हिशेबात धरायला हवे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून जवळच्या सहा गावांतील माता-बालकांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३.५ किलोची; वजनाच्या मानाने चरबी मात्र आपल्याच बाळांत अधिक. आईच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त असल्यास सहाव्या वर्षी मुलांचे शरीर इन्सुलिनला कमी दाद देताना आढळले. लोह-फोलिकच्या गोळ्या वाटणाऱ्या सरकारने बी-१२चाही विचार करावा; आणि घरानेही गर्भार सुनेला सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसवणे थांबवावे.