कोळ्याचे जाळे आणि लोकरीचा टाका

पोथीत असते ती विद्या आणि हाताने होते ते नुसते काम, असा एक समज आपल्या शिकलेल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आम्ही जन्मभर मुलांस व्याकरण शिकविले. तेव्हा पोथीची थोरवी आम्हांस कोणी सांगावयास नको. तथापि ज्या ‘ग्रंथ’ शब्दास आपण इतका मान देतो, तो बांधणे, गुंफणे या अर्थाच्या धातूपासून निघाला आहे. ‘सूत्र’ म्हणजे आधी दोरा आणि मग पाणिनीचे वचन. आणि ‘गुण’ या एकाच शब्दाने दोरीचा पदरही कळतो व माणसाचा चांगुलपणाही. आपल्या पूर्वजांनी ज्ञानाला नावे देताना दोऱ्याकडे पाहिले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

मराठीत तर याहून मौज आहे. मागावर कापड विणतात, दोन सुयांवर मोजे विणतात, बाज विणतात, टोपली विणतात आणि मासे धरावयाचे जाळेही विणतात. क्रियापद एक, क्रिया मात्र भिन्न. तसेच भिंतीवरचा किडाही कोळी आणि समुद्रावर जाणारा माणूसही कोळी. मुंडकोपनिषदात सृष्टीच्या उत्पत्तीला ऊर्णनाभाचा, म्हणजे आपल्या देहातूनच तंतू काढणाऱ्या कोळ्याचा दृष्टान्त दिला आहे. माहुलमध्ये राहणाऱ्याला मात्र या शब्दाने आधी दुसरा कोळी आठवतो.

माहुल हे तुर्भ्याच्या बाजूला खाडीकाठी वसलेले जुने कोळ्यांचे गाव. 1954-55 मध्ये येथे दोन मोठे तेलशुद्धीचे कारखाने उभे राहिले आणि गावाचा चेहरामोहरा पालटला. असे असूनही कोळीवाड्यात उन्हात पाय पसरून जाळे दुरुस्त करीत बसलेला म्हातारा अजून दिसतो. त्याच्या हाती दोरा भरलेली एक चपटी सुई असते. नवे जाळे विणताना एका पट्टीभोवती दोरा घेऊन गाठ मारावयाची, म्हणजे जाळ्याचे प्रत्येक घर त्या पट्टीच्या मापाचेच होते. घर लहान झाले तर पोरसवदा मासळी अडकते, मोठे झाले तर धरावयाची ती निसटते. पट्टीची रुंदी किती ठेवावी, यात समुद्राचे सारे ज्ञान आले. पूर्वी जाळी सणाची व सुताची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवावी लागत. पुढे नायलॉन आले, यंत्रावर विणलेली तयार जाळी आली, आणि नवे जाळे हाताने विणणे मागे पडले. फाटलेले सांधण्याची विद्या मात्र यंत्राला अजून साधलेली नाही. ती त्या म्हाताऱ्याच्या बोटांतच आहे.

आता लोकरीकडे वळू. दोन सुयांचे विणकाम आपल्याकडील प्राचीन नव्हे. इजिप्तमध्ये सापडलेले सुती मोजे सुमारे 11 व्या ते 14 व्या शतकांतील मानतात. आपल्याकडे ही कला मुख्यतः 19 व्या शतकात मिशनरी शाळांच्या द्वारे आली. पुढे रमाबाई रानड्यांनी 1909 मध्ये पुण्यास सेवासदन उभारले. तेथे शिवणकामासारख्या हस्तकलांचे वर्ग चालत, आणि ज्या बाईला मिळवते माणूस उरले नाही तिच्या हाताला चार पैसे मिळावे, हा त्यामागचा कळकळीचा हेतू होता.

आज ही विद्या शिकावयाची तर आमच्या चेंबूरसारख्या उपनगराच्या बाजारातील लोकरीच्या दुकानाइतकी सोयीची पाठशाळा नाही. दुकानदारीणबाईंकडून लोकर घ्यावी आणि त्यांच्यापुढील बाकावर बसून टाके शिकावे, अशी तेथील रीत. सूनबाईंच्या सांगण्यावरून आम्ही एकदा गुंडे आणावयास गेलो आणि कुतूहलाने तेथेच बसलो. आम्ही व्युत्पत्ती सांगू लागताच बाई हसून म्हणाल्या, “गुरुजी, आधी टाके मोजा, मग बोला.” याहून उत्तम अध्यापनसूत्र आम्ही ट्रेनिंगच्या वर्गातही ऐकले नव्हते. महिनाभरात एक सुलट, एक उलट करीत नातवाचे टोपरे पुरे झाले.

त्या बाकावर जे ध्यानी आले ते थोडक्यात देतो. सुयांच्या विणकामात कोठेही गाठ नसते. एका फासातून दुसरा फास ओढलेला, इतकेच. म्हणून ते ताणले जाते, अंगाला बसते आणि उसवून तीच लोकर पुन्हा वापरता येते. परंतु एक टाका सुटला की खालपर्यंतची उभी ओळ ढासळते. क्रोशाच्या कामात साखळी काय, खांब काय, एक टाका मिटवूनच दुसरा घालतात. एका वेळी एकच फास उघडा राहतो, म्हणून नवशिक्यास ते सोपे जाते. जाळ्यात मात्र घराघराला गाठ. एक घर तुटले तरी शेजारचे शाबूत राहते.

सुयांच्या क्रमांकाविषयीही सावध असावे. जुन्या इंग्रजी मापात आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. 8 नंबरची सुई 4 मिलिमीटरची, तर 10 नंबरची सव्वातीनची. मिलिमीटरच्या मापात अर्थातच उलट. तसेच मोठे काम काढण्यापूर्वी हातभर घाई न करता वीतभर तुकडा विणून पाहावा. 10 सेंटिमीटरांत 22 टाके बसत असतील, तर 80 सेंटिमीटर घेरास 176 टाके लागतात. हात सैल पडून त्याच अंतरात 20 च टाके बसले, तर तेवढ्याच 176 टाक्यांचा घेर 88 सेंटिमीटर होतो, आणि स्वेटर दुसऱ्याच कोणाच्या अंगाचा ठरतो. बाजारात लोकर म्हणून मिळते त्यातील पुष्कळशी अ‍ॅक्रिलिकची असते. ओळखावयाचे तर धाग्याचे टोक जपून जाळून पाहावे. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो व राख चुरगळते, अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कठीण मणी होतो. हा धागा काय किंवा जाळ्याचे नायलॉन काय, दोहोंचे मूळ खनिज तेलात आहे. माहुलकराने हे विसरू नये.

आता मुद्द्याची गोष्ट. इंग्लंडात विल्यम ली याने 1589 मध्ये विणण्याचे यंत्र काढले, तेव्हापासून हाताची यंत्राशी स्पर्धा चालू आहे आणि स्वस्ताईत हात हरणार हे उघड आहे. अशा वेळी एखादी गरजू बाई विकावयास स्वेटर आणते, तर आपल्या घरांतून लोकरीच्या वजनावर किंमत ठरवून घासाघीस होते. तिचे दिवसच्या दिवस कोणी हिशेबात धरीत नाही. वैद्याच्या औषधाची किंमत मुळ्यांच्या वजनावर ठरत नाही. मग हिच्या कामाची का ठरावी? जे शिकण्यास वर्षे लागतात त्याचे मोल न दिल्यास ते शिकणारा पुढे कोणी उरत नाही, हा न्याय कोळीवाड्यासही लागू आहे आणि माजघरासही.

म्हणून आमची वाचकांस दोन प्रकारची विनंती आहे. घरातील वडीलधाऱ्या बाईंच्या हातचे नमुने, टाक्यांच्या संख्येसह, वहीत उतरवून ठेवावे. त्या गेल्या म्हणजे ते नमुनेही जातात. आणि सुया मुलींच्याच हाती न देता मुलांच्याही द्याव्या. युरोपात एके काळी विणकऱ्यांचे संघ पुरुषांचे होते, आणि आमच्या माहुलात जाळे विणणे हे पुरुषाचेच काम. दहा वर्षांच्या मुलाला गणितात मन लागत नसेल तर त्याला शंभर टाके मोजून घालावयास सांगावे. चुकले तर उसवावे लागते, आणि तो हिशेब त्याला स्वतःच्याच डोळ्यांनी दिसतो. मास्तरांनी तांबड्या शाईने सांगण्याची गरज पडत नाही.