फोडण्याआधी वाजवून पाहा

घराचे नूतनीकरण निघाले की पहिला घण पडतो तो जमिनीवर. भिंतींना कोणता रंग द्यायचा यावर घरात महिनाभर खल होतो, ओट्याचा दगड निवडायला सगळे कुटुंब दुकानात जाऊन येते. पायाखालची जमीन मात्र एका वाक्यात निकालात निघते. कंत्राटदार दारातूनच नजर टाकतो आणि म्हणतो, "वहिनी, ही मोझॅक आता कोण ठेवतो? सगळी काढून टाकू, दोन बाय दोनची चकचकीत टाइल बसवू." चाळीस वर्षे माणसांची वर्दळ सोसलेली, जागची न हललेली फरशी दुसऱ्या दिवसापासून गोण्यांत भरून जिन्याने खाली जाऊ लागते. खालच्या मजल्यावरचे आजोबा कानात बोळे घालून बसतात, आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या न्हाणीघराच्या छताला ओल येते ती का, याचा शोध सोसायटीच्या सभेत सुरू होतो.

माझे मत असे की, आपल्याकडच्या जुन्या घरांतली सिमेंटची जमीन, मग ती मोझॅक असो, लाल कोबा असो की नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या, बहुतेक वेळा फोडण्याची गरजच नसते. तिला दुरुस्ती हवी असते, घासणे हवे असते आणि थोडा धीर हवा असतो. यातला धीर हाच सर्वांत महाग पडतो, म्हणून आपण घण मागवतो.

ही जमीन आपल्याकडे आली तिलाही इतिहास आहे. पोरबंदरला १९१४ साली सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. १९२२ साली सिधवा कुटुंबाने भारत फ्लोअरिंग टाइल्सचा कारखाना काढला तो स्वदेशीच्या भावनेतून. तोवर नक्षीच्या लाद्या परदेशातून यायच्या. जागेवरच ओतून, रंध्याने घोटून केलेल्या कोब्याला बांधकाम खात्याच्या भाषेत 'इंडियन पेटंट स्टोन' असे भारदस्त नाव आहे. त्यात दगड असतो तो खडीच्या रूपाने तेवढाच. त्याच्या वरच्या थरात लोखंडाचा तांबडा ऑक्साइड घातला की कोकण-गोव्यातल्या ओसऱ्यांचा तो ओळखीचा लाल रंग येतो. पुढे इमारती उंच होत गेल्या तसा मोझॅकचा जमाना आला. आज शहरातल्या उपाहारगृहांत 'पॉलिश्ड काँक्रीट' आणि 'टेराझो' या नावांनी हीच जमीन घसघशीत दराने घातली जाते, आणि ती पाहून घरी आलेले लोक आपली तीच जमीन फोडायला काढतात!

"फोडायची नसेल तर तिच्यावरच टाइल बसवू," हा कंत्राटदाराचा दुसरा पर्याय. त्याचे गणित कागदावर मांडून पाहा. वाळू-सिमेंटचा इंचभर थर आणि त्यावर टाइल म्हणजे चौरस मीटरला सुमारे ७५ किलो. दहा बाय बाराच्या एका खोलीत हे ओझे ८०० किलोंच्या घरात जाते. घरातली माणसे आणि हलवता येण्याजोगे सामान यांसाठी राहत्या खोलीचा स्लॅब आपल्या मानकाप्रमाणे चौरस मीटरला २०० किलो धरून बेततात; त्यातला तिसऱ्या हिश्शाहून अधिक आपण नुसत्या शोभेपायी कायमचा खर्च करून टाकतो. चिकटद्रव्याच्या पातळ थरावर टाइल बसवली तर भार निम्म्याहून कमी होतो हे खरे. पण जुन्या इमारतीत तेवढेही करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे. शिवाय दारे खालून कापावी लागतात आणि उंबरे बुडतात ते वेगळेच.

मग आपली जमीन ठेवण्यासारखी आहे की नाही, हे कसे ओळखायचे? यासाठी तज्ज्ञ लागत नाही, रविवारची एक सकाळ लागते. जाड नाणे किंवा लाकडी दांडा घ्यावा आणि प्रत्येक फरशी वाजवत जावे. ठणठणीत आवाज आला तर फरशी खालच्या थराला धरून आहे. ढबढब असा पोकळ आवाज आला की तिथे खडूने फुली मारावी. खोलीत दहा-पंधरा फुल्या निघाल्या तर तेवढ्याच फरश्या उचलून पुन्हा बसवता येतात. निम्म्या खोलीवर फुल्या निघाल्या, तर मात्र कंत्राटदाराचे म्हणणे ऐकावे.

भेगांचे तसेच. केसासारखी बारीक, वर्षानुवर्षे तशीच असलेली भेग ही दुखण्याची खूण नव्हे. पण जी भेग सरळ रेषेत खोली ओलांडून जाते, एका बाजूला किंचित खाली बसते, तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख घालावी आणि एक पावसाळा जाऊ द्यावा. भेग खुणेच्या पुढे सरकली तर दोष जमिनीत नाही, खाली आहे. तो शोधल्याशिवाय वर काहीही घालणे म्हणजे पैसे गाडणे.

तळमजल्याच्या आणि बैठ्या घरांना आणखी एक परीक्षा द्यावी लागते. दीड फूट चौरस जाड प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात आणि दुसऱ्या दिवशी उचलून पाहावे. आतून पाण्याचे थेंब धरले किंवा खालची जमीन काळवंडली, तर खालून ओल चढते आहे. अशा जमिनीवर एपॉक्सी किंवा दुसरा हवाबंद लेप घातला की वर्ष-दोन वर्षांत फुगे येतात, पोपडे निघतात, कडेने पांढरा लोणा फुटतो. कोकणातल्या घरांत साधा कोबा टिकला त्याचे एक कारण हेच, की तो ओल अडवून धरत नाही, हळूहळू उडून जाऊ देतो. दुकानदार कितीही सुंदर नमुना दाखवो, ओल त्याच्या नमुन्याला विचारत नाही.

मोझॅक ठेवायची ठरली की प्रश्न येतो पॉलिशचा. मोझॅकच्या फरशीत वरचा संगमरवरी चिपांचा थर जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा असतो. घासणीत त्यातला अगदी थोडा भाग जातो, त्यामुळे फरशीच्या आयुष्यात हे अनेकदा करता येते. मात्र घासणी पाणी घालूनच करून घ्यावी. कोरड्या घासणीतून उडणारी सिलिकाची धूळ यंत्र चालवणाऱ्या मुलाच्या फुप्फुसात कायमची बसते. तो बोलत नाही, म्हणून आपण बोलायला हवे. घासणीचा राखाडी चिखल मोरीत ढकलू देऊ नये, तो पाइपात घट्ट बसतो. गोळा करून वाळवून टाकावा. आणि ॲसिडने फरशी धुण्याचा जो प्रकार चालतो, तो बंद करावा. सिमेंट आणि संगमरवर दोन्ही ॲसिडने खाल्ले जातात. फरशी त्या दिवशी उजळ दिसते, पण पृष्ठभाग सच्छिद्र होतो आणि पुढे चहाचा, हळदीचा प्रत्येक डाग आत मुरतो. लिंबू-चिंचेचे डाग पडतात तेही याच कारणाने.

तुटलेल्या फरश्यांच्या जागी त्याच रंगाच्या फरश्या बाजारात मिळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण त्या बहुधा घरातच असतात: भिंतीतल्या कपाटाखाली, जुन्या ओट्याखाली, पलंगाच्या कोपऱ्यात. तिथल्या काढून मधोमध बसवाव्यात आणि नव्या, किंचित वेगळ्या रंगाच्या कपाटाखाली घालाव्यात. लाल कोब्याला मात्र ही सोय नाही. तिथे ठिगळ दिसणारच. माझ्या मते दिसू द्यावे. जुळवण्याच्या नादात केलेले ठिगळ अधिक डोळ्यांत येते.

चमक किती हवी, याचाही विचार घरातल्या माणसांकडे पाहून व्हावा. आरशासारखी घोटलेली जमीन ओली झाली की सत्तरीतल्या माणसासाठी सापळा असते, आणि मांडीचे हाड मोडल्यानंतरचे अंथरूण आपण अनेक घरांत पाहिले आहे. बैठकीत चमक असू द्या. स्वयंपाकघरात मंद घासणी पुरे, आणि न्हाणीघरात खरबरीत पृष्ठभाग व फुटाला एक-दीड सूत ढाळ. पाहुणे न्हाणीघराचे कौतुक करायला येत नाहीत.

आता जिथे जमीन खरोखरच गेली आहे, तिथे नवा कोबा घालायचा असेल तर. जुन्या थरावर अर्ध्या इंचाचा मुलामा देऊ नये, तो सुटतो. जुना थर टाकी मारून खरबरीत करावा, झाडून-धुऊन रात्रभर ओला ठेवावा, साचलेले पाणी टिपून घ्यावे, ब्रशने सिमेंटची रबडी लावावी आणि ती ओली असतानाच वर काँक्रीट पडावे, निदान दीड इंच जाडीचे. खोलीभर एकसंध न ओतता दोन मीटरच्या आतले चौकोन पाडावेत, मध्ये काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घालाव्यात. सिमेंट आकसणारच, पट्टी असली तर ते पट्टीपाशी आकसते, नसली तर स्वतःची वाट शोधते. माल सैल करण्यासाठी बिगारी हळूच बादलीभर पाणी ओततो, तिथे हटकावे. वर आलेले पाणी शोषायला कोरडे सिमेंट भुरभुरले जाते, तिथेही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा आणि झाडू मारताना निघणारी पांढरी भुकटी या दोन गोष्टी बहुधा त्या तासाभरात जन्माला येतात.

त्यानंतरचे काम कोणीच करत नाही, कारण ते दिसत नाही: पाणी मारणे. सात ते दहा दिवस कोबा ओला राहिला पाहिजे. कडेने छोटे बांध घालून पाणी तुंबवले तर उत्तम. रंगीत कोब्यावर गोणपाट टाकू नये, त्याचे डाग उतरतात. सिमेंटची ताकद मोजायचीच मुळी २८ दिवसांनी असते, आणि सीलर किंवा अन्य लेप लावायचा तर त्याआधी नाहीच. दमट हवेत आणखी थांबावे आणि वरची प्लॅस्टिकची परीक्षा पुन्हा घ्यावी.

पण आपले काम गणपती उठल्यावर सुरू होते आणि दिवाळीच्या आत संपायचे असते. त्या घाईत गवंड्याला दोन दिवसांत जमीन मोकळी करून द्यावी लागते, म्हणून कोबा नको, टाइल बरी, असे तोच सुचवतो. त्याला दोष देता येत नाही. पाणी मारण्याच्या दहा दिवसांची मजुरी कोणत्याच अंदाजपत्रकात नसते. ती वेगळी लिहून मागावी, आणि शेवटचा हप्ता २८ दिवसांनंतर ठेवावा. जमीन पावसाळ्यात वाजवून, तपासून ठेवावी, काम तुळशीच्या लग्नानंतर काढावे. तेव्हा हवा कोरडी असते, पाहुणे परतलेले असतात, गवंडीही मोकळे सापडतात, आणि घासणीसह सगळे आटोपून पाडव्याची रांगोळी त्याच जमिनीवर काढता येते.