नव्या जीवनाची कसोटी

शिवारातला गहू-हरभरा घरात आलेला असतो, विहिरी तळ दाखवू लागलेल्या असतात आणि ऊन दिवसेंदिवस चढत असते. अशा दिवसांत, वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठ, पुनरुत्थानाचा रविवार येतो. राखेच्या बुधवारपासून, मधले रविवार वगळून, चाळीस दिवस चालत आलेला ख्रिस्ती बांधवांचा उपवासकाळ इथे पूर्णत्वास जातो. आपल्या जालना जिल्ह्यातले राजूर हे गणरायाचे गाव. चतुर्थीचा उपवास चंद्रोदयाला सोडण्याची रीत इथल्या घराघरांत आहे. म्हणूनच उपवास सुटल्यावर मनाला पडणारा प्रश्न आपल्याला परका नाही: ज्या संयमासाठी देह उपाशी ठेवला, तो संयम दुसऱ्या दिवशी किती उरला?

देहस्वभाव आणि नवे जीवन यांचा झगडा ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्याशी आहे. संत पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात देहस्वभावाची कर्मे सांगितली, त्यांत व्यभिचार आणि मद्यपान आहे. पण वैर, मत्सर, संताप, तट आणि फूटही आहे. माणसाला स्वतःपलीकडे पाहू न देणारी सारी वृत्तीच त्याने देहस्वभावात धरली. देहाचा तिटकारा मात्र या श्रद्धेला मान्य नाही. पुन्हा उठलेल्या ख्रिस्ताने शिष्यांना आपले हातपाय दाखवले आणि त्यांच्यादेखत भाजलेला मासा खाल्ला, असे लूकचे शुभवर्तमान सांगते. शिवाय पौलाचे ते पत्र विश्वास स्वीकारलेल्यांनाच उद्देशून आहे. बाप्तिस्म्यानंतरही जुना माणूस आत दबा धरून राहतो आणि त्याला रोज नव्याने दूर सारावे लागते, हे तो जाणून होता.

ही वाट किती हळूहळू चालावी लागते, हे आपल्याला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त दिसते. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या, तेव्हा त्यांचे सोवळे कायम होते, स्वयंपाक आणि पाणी वेगळे होते. पुढे विचार करता करता त्यांच्या मनातला जातिभेद गळून पडला आणि त्यानंतर, १९०० मध्ये, त्यांचा बाप्तिस्मा झाला. विधी होण्याआधीच नव्या जीवनाने त्यांच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवले होते.

आपल्या जिल्ह्यानेही हे जीवन गावाच्या रूपात पाहिले आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले नारायण शेषाद्री १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले आणि पुढे जालन्याला येऊन त्यांनी सेवेला वाहून घेतले. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्या काळात निजाम सरकारकडून जमीन मिळाली आणि जालन्याजवळ बेथेल हे गाव वसले. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले जाई, त्या मांग समाजातली अनेक कुटुंबे इथल्या ख्रिस्ती मंडळीत आली. जन्माने मिळालेला मोठेपणा बाजूला ठेवून शेषाद्री त्यांच्यात राहिले. आत्म्याचे नवेपण शेजारात, पाणवठ्यावर आणि पंगतीत उतरले पाहिजे, हेच त्यांच्या आयुष्यातून आपण घ्यायचे.

आज आपल्या गावांकडे पाहताना ही कसोटी आपण स्वतःला लावली पाहिजे. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारी भाऊबंदकी, निवडणूक सरली तरी न मिटणारे गट, टँकरभोवती दुबळ्याला मागे लोटणारी रेटारेटी, या साऱ्यांत पौलाने सांगितलेला तो जुना माणूसच वावरतो. तो मंदिरात जाणाऱ्यांत आहे, मशिदीत जाणाऱ्यांत आहे, तसाच चर्चमध्ये जाणाऱ्यांतही आहे. प्रीती, शांती, सहनशीलता, सौम्यता ही पौलाने सांगितलेली आत्म्याची फळे कोणा एका पंथाच्या मालकीची नाहीत. ती अंगी यावीत म्हणून झटणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे. सणाच्या शुभेच्छा देताना, ज्याच्याशी आपला अबोला आहे त्याच्याकडे आपण आधी जाऊ या. पहिला शब्द आपला असू द्या.