मधल्या फळीचा गडी



सुगी आटोपून तुरीची राने मोकळी झाली, की आमच्या निंबर्ग्यात संध्याकाळच्या वेळी मुलांचे खेळ रंगतात. कबड्डी व क्रिकेट हे येथले जुने खेळ. त्यांच्या जोडीस आता चर्चमागील पडीक जागेत फुटबॉलही येऊन बसला आहे. परवा तेथे संघ पाडताना मोठा तंटा झाला. जो तो म्हणे, मी पुढे राहून गोल मारणार. मध्ये उभे राहण्यास कोणी तयार होईना. आणि ज्या मुलाने आजवर ती जागा विनातक्रार सांभाळली, तोच रुसून बाजूस जाऊन बसला. आम्ही कारण विचारले, तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "फादर, मधी खेळून कुणाला दिसतंय? नाव तर गोल मारणाऱ्याचंच होतंय."

त्यास बोधाचे चार शब्द सांगावे म्हणून आम्ही तोंड उघडले, आणि एक गोष्ट आठवून गप्प राहिलो. चर्चची घंटा वाजविणारा, सतरंज्या अंथरणारा, सणाच्या आदल्या रात्री पाणी भरून ठेवणारा जो मनुष्य, त्याचा हा मुलगा. गेल्या सणाच्या दिवशी आम्ही वेदीपाशी उभे राहून पाहुण्यांचे, देणगीदारांचे व गायकवृंदाचे नावानिशी आभार मानले. त्या मनुष्याचे नाव घ्यावयाचे मात्र आम्ही विसरलो. तो काही बोलला नाही. त्याच्या मुलाने मात्र ते मनात ठेवले होते, हे आम्हांस त्या संध्याकाळी उमगले. तेव्हा उपदेश बाजूस ठेवून आम्ही सर्व मुलांना जवळ बसविले व त्यांना फोर्तुनातो फ्रँको यांची हकीकत सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

फुटबॉलच्या संघात पुढची फळी गोल करते, मागची फळी गोल वाचविते. या दोहोंच्या मध्ये जो असतो, त्यास पूर्वी हाफबॅक म्हणत. शत्रूच्या पायातला चेंडू काढून घ्यावा आणि तो आपल्या पुढच्या गड्यास नीट पोचवावा, हे त्याचे काम. सामना संपेपर्यंत त्याने मागेपुढे धावत राहावयाचे. त्याच्या पायांतून चेंडू गेल्यावाचून पुढच्यास काही करता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नाव छापून येते ते बहुधा पुढच्याचे.

फ्रँको हे असे हाफबॅक होते. ते मूळचे गोव्यातील बारदेस तालुक्याच्या कोलवाळ गावचे. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावाचे चर्च ज्या गावात आहे, तेच हे कोलवाळ. गोव्यात फुटबॉल आणला तो एका धर्मगुरूने, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे आयरिश धर्मगुरू १८८३ साली बारदेसमधील शिवोली येथे आले व त्यांनी तेथल्या मुलांना हा खेळ शिकविला. पुढे तो गावोगावच्या चर्चच्या पटांगणांतून असा रुजला, की गोवेकर ख्रिस्ती मनुष्य पोटासाठी मुंबईस गेला तरी फुटबॉल त्याच्याबरोबर गेला. फ्रँको यांचे नाव झाले तेही मुंबईच्याच मैदानांवर. टाटांच्या संघातून ते खेळले, आणि १९६४ साली महाराष्ट्राने संतोष ट्रॉफी जिंकली त्या संघातही ते होते.

१९६० साली रोम येथे ऑलिंपिक सामने भरले. भारताच्या फुटबॉल संघात फ्रँको यांची निवड झाली. कॅथलिक घरातला तरुण, आणि जावयाचे ते रोमला! केवढा हा आनंद! परंतु भारत तेथे तीन सामने खेळला. हंगेरीशी व पेरूशी हरला, फ्रान्सशी बरोबरीत राहिला. आणि या तिन्ही सामन्यांत फ्रँको यांस एकदाही मैदानात उतरविले गेले नाही. बाहेर बसून सोबत्यांचा खेळ पाहत त्यांनी ते दिवस काढले. रोमपर्यंत जाऊन न खेळता परतणे म्हणजे काय, याची कल्पना ज्यास कधी पंगतीतून उठविले गेले असेल त्यालाच येईल.

तरीही त्यांनी खेळ सोडला नाही. संघाचे शिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. आमचा हा कलबुर्गी-बिदरचा मुलूख पूर्वी हैदराबाद संस्थानातच होता. त्या नात्याने रहीमसाहेब आमचे शेजारीच म्हणावयाचे. मूळ पेशा शाळामास्तराचा, शिस्त कडक, व पारख अचूक. (त्यांच्यावर २०२४ साली निघालेला हिंदी चित्रपट आमच्या मुलांपैकी काहींनी पाहिलेला होता.) १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई खेळ भरले, तेव्हा त्यांनी फ्रँको यांस मधल्या फळीत उभे केले.

आरंभ वाईट झाला. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताचा २-० असा पराभव केला. पुढे थायलंडवर ४-१ व जपानवर २-० असे विजय मिळाले; परंतु जर्नैल सिंग या बलदंड गड्याचे डोके फुटून त्यास टाके पडले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२ असे हरवून भारत अंतिम सामन्यात आला, तो पुन्हा दक्षिण कोरियापुढेच.

तो दिवस ४ सप्टेंबर १९६२. मैदानाभोवती लाखाच्या घरात लोक, आणि त्यांतील बहुतेक भारताच्या विरुद्ध ओरडणारे. कारण इस्राएल व तैवान यांस या खेळांतून वगळल्याबद्दल एका भारतीय अधिकाऱ्याने आक्षेप घेतला होता, आणि त्याचा राग खेळाडूंवर निघत होता. त्या गदारोळात सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला. तीनच मिनिटांनी भारतास फ्री किक मिळाली. ती घेतली फ्रँको यांनी. चेंडू नेमका जर्नैल सिंगपाशी गेला, आणि डोक्याला टाके घातलेल्या त्या वीराने दुसरा गोल केला. कोरियाने अखेरीस एक गोल फेडला. परंतु सामना २-१ असा भारताने जिंकला व सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर आजपर्यंत आशियाई खेळांत भारतास फुटबॉलचे सुवर्ण मिळालेले नाही.

त्या संघाचे कोणाला स्मरण असेल तर चुनी गोस्वामी, बॅनर्जी, बलराम, जर्नैल सिंग ही नावे निघतात. आणि ती निघावीतच. परंतु दुसरा गोल ज्या पायांनी वाढून दिला, त्यांचे नाव आमच्यापैकी किती जणांस ठाऊक होते? रहीमसाहेब तर तो विजय पाहून वर्षभरही जगले नाहीत. जून १९६३ मध्ये कर्करोगाने त्यांचा अंत झाला.

फ्रँको पुढे १९६४ व १९६५ साली मलेशियातील मर्डेका स्पर्धेत भारताकडून खेळले. पहिल्या वर्षी संघ दुसरा आला, दुसऱ्या वर्षी तिसरा. नंतर १९६६ च्या सुमारास गुडघ्याला अशी दुखापत झाली, की तिशी गाठण्याच्या आतबाहेरच त्यांचा खेळ संपला. मग ते टाटांच्या नोकरीत राहिले व चारचौघांसारखा संसार केला. १० मे २०२१ रोजी, करोनाच्या त्या कठीण दिवसांत, गोव्यात त्यांचे निधन झाले.

संत पौल ख्रिस्तसभेला शरीराची उपमा देतो व ज्या अवयवांस आपण कमी लेखतो त्यांचीच अधिक गरज असते असे बजावितो, हे आपण मिस्सामध्ये कितीदा ऐकतो! आमच्या प्रभूनेही तीस वर्षे नाझरेथात रंधा व करवत चालविली. त्या वर्षांचे वर्णन शुभवर्तमानात चार ओळींपलीकडे नाही. तरी ती वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल? आपल्या घरांतूनही हेच आहे. पहाटे उठून भाकरी थापणारी माता, भावाच्या शिक्षणासाठी स्वतःची शाळा सोडून शेत राखणारा थोरला, हे मधल्या फळीचेच गडी होत.

परंतु आईबापहो, एवढे सांगून आमची सुटका नाही. "देव पाहतो" हे खरे असले, तरी ते दुसऱ्यास ऐकवून आपण आभार मानण्याचे टाळावे, हा न्याय नव्हे. जे आम्ही विसरलो ते आम्ही भरून दिले पाहिजे. म्हणून येत्या रविवारी मिस्सानंतर, ज्या वेदीपाशी ते नाव घ्यावयाचे राहिले तेथूनच, आम्ही ते मोठ्याने घेणार आहो व त्या मनुष्याची क्षमा मागणार आहो. येथे ते छापीत नाही; प्रथम त्याच्या कानांनी ते ऐकावे अशी आमची इच्छा आहे.

हकीकत संपली तेव्हा अंधार पडू लागला होता. तो मुलगा उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "उद्या मी मधीच उभारतो, फादर. पण फ्री किक मीच घेणार!"

आम्ही संमती दिली.